मदत हवी आहे: एकच फोनो प्रीअ‍ॅम्प तीन सिस्टिमवर तीन तऱ्हेने वाजतोय, पारख कशी करावी?

मंद्रसप्तक:
नमस्कार मंडळी. व्हॉल्व्हचा एक वरच्या दर्जाचा फोनो प्रीअ‍ॅम्प (टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र) घेण्याआधी वेगवेगळ्या सिस्टिमवर ऐकून पाहतोय. गेन (सिग्नल किती वाढतो ते) ४०, ६० आणि ६६ डेसिबल. एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिजसाठी (टोनआर्मच्या टोकाचा सुईचा भाग) लोड, म्हणजे त्याच्यापुढचा रेझिस्टन्स, १००, ४७० आणि १००० ओहम. एमएमसाठी (मूव्हिंग मॅग्नेट) ४७ किलोओहम, कपॅसिटन्स १०० किंवा ३२० पिकोफॅरड. आउटपुट इम्पिडन्स १.५ किलोओहम, आउटपुटला ०.४७ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर. आरसीए आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या आहेत.

पहिली सिस्टिम: ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम५४०एमएल कार्ट्रिज (एमएम), ट्रान्झिस्टर इंटिग्रेटेड अ‍ॅम्प. आधीच्या फोनो स्टेजपेक्षा स, श टोचतात.
दुसरी: डेनॉन डीएल-१०३ (एमसी), व्हॉल्व्ह अ‍ॅम्प. सुई उचललेली असली तरी घुमतं. टोनआर्म (सुईचा हात) रेकॉर्डच्या मध्याकडे नेला की जास्त. जागा नसल्यामुळे प्रीअ‍ॅम्प टर्नटेबलच्या खालच्याच फळीवर आहे.
तिसरी: पुन्हा डीएल-१०३, पण पॉवर अ‍ॅम्पच्या आधी पॅसिव्ह (सिग्नल न वाढवणारा) व्हॉल्यूम कंट्रोल, १० किलोओहमचा. इथे खर्ज पातळ वाटतो.

यातलं प्रीअ‍ॅम्पचं किती आणि बाकीच्यांचं किती, हे कसं ओळखायचं? टोनआर्मच्या केबलला वाय-स्प्लिटर लावून जुना आणि नवा फोनो एकदम जोडला, तर झटपट तुलना होईल का?

ओहम:
वाय-स्प्लिटर मुळीच नको. दोन्ही इनपुट समांतर जोडले जातात: ४७ किलोओहमचे २३.५ होतात आणि कपॅसिटन्सची बेरीज होते. म्हणजे दोघांपैकी एकही फोनो योग्य लोडवर वाजत नाही, आणि ग्राउंडचं लूप (अर्थच्या दोन वाटा झाल्याने येणारं घुमणं) फुकटचं मिळतं. केबल काढून-घालूनच तुलना करा. दर वेळी आधी व्हॉल्यूम शून्यावर.

पहिल्या सिस्टिमचं उत्तर बहुतेक कपॅसिटन्समध्ये आहे. व्हीएम५४०एमएलचं इंडक्टन्स ४६० मिलिहेन्री आहे आणि त्याला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत. 'एकूण' म्हणजे टोनआर्मची वायर, बाहेरची केबल आणि फोनोचं इनपुट, तिन्ही मिळून. केबलच १०० च्या आसपास भरू शकते. त्यावर स्विच ३२० ला असेल तर ४०० च्या पुढे गेलात. २०० ला या कॉइलचा विद्युत रेझोनन्स साधारण १६.६ किलोहर्ट्झला असतो, ४०० ला तो ११.७ पर्यंत खाली येतो. त्याच्या अलीकडे उठाव आणि पलीकडे उतार. स, श टोचतात आणि तरीही झांजेची हवा हरवते, तो हाच प्रकार. स्विच १०० ला करा, केबल मीटरभरापेक्षा लांब नको, मग पुन्हा ऐका. त्याआधी या प्रीअ‍ॅम्पच्या 'ट्रेबल'बद्दल कुठलंही मत बनवू नका.

तिसरी सिस्टिम तर गणितानेच सुटते. तुमचा कपलिंग कपॅसिटर आणि पुढचा रेझिस्टन्स मिळून हाय-पास फिल्टर (खालचे सूर कापणारा) होतो. ०.४७ मायक्रोफॅरड आणि १.५ + १० किलोओहम: ३ डेसिबलची घट साधारण २९ हर्ट्झला, आणि ५० हर्ट्झला सुद्धा सव्वा डेसिबल गेलेले. पुढे ४७ किलोओहम असते तर हाच आकडा ७ हर्ट्झवर आला असता. शिवाय १० किलोओहमवर सरसकट १.२ डेसिबल पातळी कमी होते, म्हणजे आवाज आणखी बारीक वाटणार. हा प्रीअ‍ॅम्प वाईट नाही, पण त्या पॅसिव्ह कंट्रोलशी त्याची जोडी जमणार नाही. व्हॉल्व्हचा फोनो घेताना पुढच्या यंत्राचं इनपुट इम्पिडन्स आधी विचारावं ते यासाठीच. फोनोच्या आउटपुट इम्पिडन्सच्या किमान दहापट, आणि इथे त्याहून जास्तच हवं.

खर्ज:
दुसऱ्या सिस्टिमबद्दल. हात आत नेल्यावर घुमणं वाढतं ही खूण फार महत्त्वाची आहे. अर्थिंगचा दोष असता तर हाताच्या जागेने फारसा फरक पडला नसता. इथे ट्रान्सफॉर्मर किंवा मोटरचं चुंबकीय क्षेत्र थेट कार्ट्रिजच्या कॉइलमध्ये शिरतंय. डीएल-१०३ चं आउटपुट फक्त ०.३ मिलिव्होल्ट, त्यावर ६० डेसिबल म्हणजे हजारपट गेन. जे शिरेल तेही हजारपट होणार.

आधी सुईवर गार्ड लावा आणि मोटर बंद करून हात हळूहळू आत न्या. मोटर बंद असताना घुमणं गेलं तर दोष टर्नटेबलचा. राहिलं तर प्रीअ‍ॅम्प त्या फळीवरून काढून केबल पुरेल तितका बाजूला न्या, आणि तिथे ९० अंशात फिरवूनही पाहा. ट्रान्सफॉर्मरची दिशा बदलली की पातळी बदलते. शेजारी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तर तोही संशयित.

तरीही उरलंच तर फोनोच्या इनपुटला शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं थेट जोडणारा) लावा. शांतता झाली तर दोष त्याच्या आधी, कार्ट्रिज ते केबल. घुमत राहिलं तर दोष प्रीअ‍ॅम्पमध्येच आहे, किंवा प्रीअ‍ॅम्प आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लूप आहे. दोघांची पॉवर एकाच बोर्डवरून घ्या. टोनआर्मची अर्थवायर फक्त फोनोच्या ग्राउंड स्क्रूला, अ‍ॅम्पच्या स्क्रूला दुसरी जोडू नका. आणि कळकळीची विनंती: घुमणं घालवायला प्लगची अर्थपिन कधीही काढू नका. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्ट असतात, तिथे ती पिन जीव वाचवते.

तबकडी:
वरचं सगळं निस्तरल्यावर पातळी जुळवा, नाहीतर जो फोनो किंचित मोठा वाजतो तोच 'खुला' आणि 'जिवंत' वाटतो. टेस्ट रेकॉर्डवरचा १ किलोहर्ट्झचा सूर लावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच स्पीकरच्या दोन टर्मिनलांवर प्रोब धरा (अ‍ॅम्पच्या बॉडीवर नाही, ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पचं निगेटिव्ह टर्मिनल ग्राउंड नसतं). पहिल्या फोनोवर व्हॉल्यूम फिरवून १.०० व्होल्ट आणा आणि नॉबच्या जागेवर पेन्सिलने खूण करून ठेवा. दुसऱ्यावर ०.९९ ते १.०१ मध्ये आणा. एक टक्का म्हणजे जेमतेम ०.१ डेसिबल. दोन्ही चॅनल मोजा. रेकॉर्ड थोडी वाकडी असेल तर आकडा हलतो, मधला धरा. साधा मीटर १ किलोहर्ट्झला अचूक नसला तरी चालेल, कारण आपल्याला तुलना हवी आहे.

एक्सएलआरवर आवाज एकदम भरदार वाटला तर सावध राहा. बॅलन्स्ड आउटपुट सहसा ६ डेसिबल मोठं असतं. एका सिस्टिमवर एक्सएलआर आणि दुसऱ्यावर आरसीए ऐकून मत देऊ नका.

रेकॉर्डची तीच बाजू, तोच तुकडा. त्यात शेवटच्या, आतल्या खाचांतलं एखादं गाणं असू द्या, एकट्या गळ्याचं. सुई, वजन, अलाइनमेंट काहीही बदलायचं नाही. व्हॉल्व्ह अर्धा तास तापू द्या.

मंद्रसप्तक:
सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या सिस्टिमवर स्विच ३२० लाच होता. आणखी एक विचारतो: डीएल-१०३ वर १००० ओहमला आवाज मोकळा वाटतो, १०० ला दबलेला. मग १००० च योग्य का? आणि पहिल्या सिस्टिममधला अ‍ॅम्प अ‍ॅनालॉग इनपुटही आत डिजिटल करून घेतो, त्याने तुलना बिघडते का?

ओहम:
आधी पातळी. डीएल-१०३ ची कॉइल ४० ओहमची आहे. १०० ओहम लोडवर सिग्नलपैकी १००/१४० च मिळतो, म्हणजे २.९ डेसिबलची घट. १००० वर ०.३. लोडचा स्विच फिरवला की २.६ डेसिबलचा फरक आपोआप पडतो, आणि मोकळेपणाचा बराच भाग तोच असतो. प्रत्येक लोडला पुन्हा १.०० व्होल्ट जुळवा आणि मग ठरवा. कॉइलच्या दहापट या ठोकताळ्याने ४७० पासून सुरुवात करायला हरकत नाही.

इनपुट आत डिजिटल करणाऱ्या अ‍ॅम्पवर दोन फोनोंमधला फरक ऐकू येतोच, पण इनपुट क्लिप व्हायला नको, म्हणजे पातळी मर्यादेबाहेर जाऊन सिग्नल कापला जायला नको. सूचनापुस्तिकेत अ‍ॅनालॉग इनपुटची कमाल पातळी पाहा; ४ मिलिव्होल्टच्या एमएमवर ४० डेसिबल पुरे, म्हणजे ०.४ व्होल्ट. चुकून ६० वर राहिलं तर हिशेबाने ४ व्होल्ट होतात, आणि रेकॉर्डवरची उंच शिखरं त्याच्याही वर जातात. आणि जोडणी लाइन इनपुटलाच, त्याच्या 'फोनो' खाचेत नाही. तिथे आरआयएए (रेकॉर्डसाठी खर्ज वाढवून आणि ट्रेबल कमी करून सूर पूर्ववत करणारी सुधारणा) दोनदा लागतं आणि खर्ज बेसुमार फुगतो.

खर्ज:
त्याच अ‍ॅम्पमध्ये रूम करेक्शन किंवा टोन कंट्रोल असेल तर तुलनेपुरतं बंद करा. मेनूमध्ये सबसॉनिक फिल्टर (ऐकू न येणारे अतिखालचे कंप कापणारा) असेल तर तो दोन्ही फोनोंसाठी सारखाच ठेवा. वूफर सुई टेकल्यावर सावकाश आत-बाहेर डोलत असेल तर तो फिल्टर चालूच असू द्या.