गेलिक मुलींची नावे: मूळ वर्णलेखन जपावे की सोपे करून घ्यावे?

समुद्रकाठ (धागा)

आमच्या परिचयातील एका मराठी-आयरिश जोडप्याला गेल्या महिन्यात मुलगी झाली आणि तिचे नाव कीवा ठेवायचे ठरले. आयरिश गेलिकमध्ये, म्हणजे आयर्लंडच्या मूळ भाषेत, हे नाव सी-ए-ओ-आय-एम-एच-ई असे लिहितात. सांगलीतल्या आजी-आजोबांना ते वाचता येणार नाही आणि मुलीलाही जन्मभर उच्चार समजावत बसावे लागेल, या विचाराने वडील ते के-डबल ई-व्ही-ए असे नोंदवणार आहेत. मला हा निर्णय पटत नाही.

हे नाव ज्या विशेषणावरून आले, त्याचा अर्थ कोमल, प्रिय, सुंदर असा आहे आणि मूळ वर्णलेखनात ते विशेषण डोळ्यांना दिसते. पारंपरिक आयरिश वर्णमालेत १८च अक्षरे आहेत, त्यांत 'व'साठी वेगळे अक्षर नाही. 'म' किंवा 'ब' मऊ होऊन 'व' झाला, की पूर्वी त्या अक्षरावर टिंब देत. विसाव्या शतकात रोमन वळणाचा टाइप रूढ झाला, तेव्हा टिंबाच्या जागी 'एच' आला. म्हणजे बाहेरच्यांना जो गोंधळ वाटतो, तो नियम आहे, आणि एकदा समजला की नीव्ह म्हणजे तेज आणि सीर्शा म्हणजे स्वातंत्र्य ही नावे सरळ वाचता येतात. सीर्शा हा शब्द तर आजही रोजच्या वापरात आहे.

आयर्लंडमधील गॉलवे शहरात माझ्या मुलीच्या शाळेत कोट अडकवण्याच्या खुंट्यांवर मुलांच्या नावांच्या छापील चिठ्ठ्या आहेत. त्यांतील ऑन्याच्या चिठ्ठीवर पहिल्या 'ए'वरची तिरकी रेघ सुटली होती. ही रेघ स्वर दीर्घ करते. दुसऱ्या दिवशी तिची आजी निळे पेन घेऊन आली, तिने नातीला उचलून घेतले आणि तिच्याच हाताने ती रेघ काढवून घेतली. त्या आजीला आपण 'सोपे लिहा' असे कोणत्या तोंडाने सांगणार?

आजोळ

समुद्रकाठ, तुमची तळमळ समजते, तरीही मी असहमत आहे. तुम्ही ज्याला मूळ म्हणता, तेही कधीतरी कोणीतरी आपल्या सोयीने लिहिलेले रूप आहे. शिवॉन हे नाव घ्या. आज ते अस्सल आयरिश मानले जाते, पण बाराव्या शतकात नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये आले, तेव्हा त्यांच्याबरोबर आलेल्या फ्रेंच नावाचे ते रूपांतर आहे, आणि त्याचा 'ईश्वर कृपाळू आहे' हा अर्थ हिब्रू आहे. शिनेडचेही तेच. आयरिश लोकांनी परकी नावे आपल्या कानाने ऐकून आपल्या अक्षरांत उतरवली, तर मराठी बापाने तेच केले म्हणून काय बिघडले?

माझी मुलगी नीव्ह इंग्लंडमध्ये लीड्सला वाढते आहे. तिचे नाव आम्ही मूळ पद्धतीने एन-आय-ए-एम-एच असे नोंदवले. प्रत्येक नव्या वर्गात पहिल्या दिवशी तिला 'नियाम' म्हणून हाक मारली जाते. आता ती शिक्षकांना दुरुस्त करतसुद्धा नाही, नुसता हात वर करते. तेज असा अर्थ असलेले नाव ऐकून माझे लेकरू खाली मान घालते, हे रोज पाहणाऱ्या आईला वर्णलेखनाचा इतिहास पुरेसा वाटत नाही.

अक्षरवेल

आजोळ, तुमच्या लेकीचा प्रसंग वाचून वाईट वाटले, पण शिवॉनचे उदाहरण तुमच्या बाजूने उभे राहत नाही. तेथे गेलिक भाषकांनी परके नाव आपलेसे केले. उलट बाजूचे उदाहरण स्कॉटलंडमध्ये आहे, जिथली गेलिक ही आयरिशची बहीणभाषा आहे. १७४६ साली पराभूत राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टला स्काय बेटावर पळून जाण्यास जिने मदत केली, ती फ्लोरा मॅक्डॉनल्ड जगाला ठाऊक आहे. पण तिच्या गेलिक नावात 'फ्यून', म्हणजे शुभ्र किंवा गोरे, हा शब्द होता. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवता. दोन नावांत पहिल्या ध्वनीपलीकडे काही नाते नाही, आणि तरीही इतिहासात दुसरेच टिकले. सोपे करण्याची वाट अशी कोठवर जाते, ते पाहावे.

स्कॉटलंडमधलेच वारी हे नाव मला फार आवडते. (आपल्या पंढरीच्या वारीशी त्याचा संबंध नाही.) मूळ नाव मारी, म्हणजे मेरी. गेलिकमध्ये हाक मारताना नावाचा पहिला वर्ण मऊ होतो, म्हणून मारीची वारी झाली, आणि ते हाकेचे रूपच पुढे स्वतंत्र नाव झाले. आपण राधेला हाक मारताना 'राधे' म्हणतो, तशीच ही संबोधन विभक्ती, फक्त बदल शब्दाच्या शेवटी न होता सुरुवातीला होतो. रोमन लिपीत हे नाव एम-एच-ने सुरू होते, तेथेच ती हाक शिल्लक आहे. 'व्ही'ने लिहिले, तर ती पुसली जाईल.

बारसेवाली

मला दोन्ही बाजूंचे पूर्ण पटत नाही, कारण अर्थावर सगळे इतक्या विश्वासाने बोलत आहेत. नावांच्या याद्यांत डेर्ड्रा (आयरिश पुराणकथेतील नायिका) म्हणजे 'दुःखी' असे बेधडक छापतात. वास्तविक तिची कथा दुःखद आहे म्हणून तो अर्थ चिकटला, शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ईफा म्हणजे 'ईव्ह' असे सांगतात, ते केवळ ध्वनिसाम्य. ते नाव बहुधा सौंदर्य, तेज या अर्थाच्या शब्दाचे आहे. ग्रॉन्याचा संबंध धान्याशी जोडतात, तोही पक्का नाही. पण १५९३ मध्ये ग्रिनिच येथे राणी एलिझाबेथला समोरासमोर भेटलेल्या, आयर्लंडमधील मेयोच्या समुद्रवीर ग्रॉन्याचे नाव मुलीला देताना धान्य आठवते कोणाला?

मराठी घराला खरोखर अर्थाने जवळचे नाव हवे असेल, तर ब्रीद पाहावे. या देवीच्या आणि पुढे संत झालेल्या स्त्रीच्या नावाचा अर्थ 'उन्नत, थोर' असा आहे आणि भाषाशास्त्र त्याचे मूळ संस्कृतातील 'बृहती'शी एकच असल्याचे मानते. १ फेब्रुवारीच्या तिच्या सणानिमित्त आयर्लंडमध्ये २०२३ पासून सार्वजनिक सुट्टीही असते. कीवाबद्दल मात्र एक शंका आहे: सांगलीच्या आजीला ते ऐकून 'कीव' आठवली तर?

समुद्रकाठ

बारसेवाली, ती शंका आजींनी स्वतःच काढली होती. अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "कोमल म्हणजे आमचीच की मग." त्या बाळाला कोमल म्हणूनच हाक मारतात.

आजोळ, तुमच्या लेकीची खाली गेलेली मान माझ्या मनातून जात नाही, आणि परदेशात वाढणाऱ्या मुलीचे ओझे मी कमी लेखले, हे मान्य करते. पण हे बाळ गॉलवेतच वाढणार आहे, आणि तेथील शिक्षक हे नाव वाचू शकतात. आयर्लंडच्या २०२१ च्या भाषाविषयक कायद्याने सरकारी नोंदींत आयरिश नावे दीर्घत्वाच्या रेघेसह लिहिण्याची जबाबदारीही घातली आहे. आजी-आजोबांसाठी तर रोमन अक्षरांची गरजच नाही: दाखल्यावर आयरिश वर्णलेखन ठेवावे आणि बारशाच्या पत्रिकेवर देवनागरीत 'कीवा' छापावे.

आजोळ

पत्रिकेची सूचना उत्तम आहे, आणि गॉलवेपुरते तुमचे म्हणणे मी मान्य करते. पण ही मुलगी अठराव्या वर्षी शिकायला गाव सोडून जाईल, तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात हजेरी घेणारा मनुष्य गॉलवेचा नसेल. म्हणून पासपोर्टचा अर्ज भरण्यापूर्वी त्या आई-वडिलांनी एकदा माझ्या नीव्हशी बोलावे, अशी माझी विनंती त्यांना कळवाल का? ती आता चौदा वर्षांची आहे आणि या विषयावर तिला स्वतःचे मत आहे. ते माझ्यासारखेच आहे, असे मी गृहीत धरलेले नाही.