मदत हवी आहे: वंशभेदविरोधी कराराची अंमलबजावणी जिल्ह्यात कशी तपासायची?

जय भीम मंडळी. वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९६८ मध्येच मान्य केला. जात त्यात येत नाही, असं सरकार म्हणतं. येते, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००२ मध्ये स्पष्ट केलंय. तो वाद मोठाच आहे, पण आम्हाला नागपूर जिल्ह्यात प्रत्यक्ष काय होतं ते बघायचंय.

दलित-आदिवासींवरचे अत्याचार रोखणाऱ्या अॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवी. तिची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागवतोय. अर्जात नेमकं काय लिहावं? एफआयआरनंतर अर्थसाहाय्य किती दिवसांनी मिळालं, हे पीडितांची नावं न येऊ देता कसं मागायचं? बैठक झाली एवढ्यावर आमचं समाधान नाही, घरात पैसे पोचले का ते कळायला हवं. कुणी आपल्या जिल्ह्यात असं केलं असेल तर अर्जाचा नमुना टाका ना.