मदत हवी आहे: कंपनीतून रिटायर झालेल्या आमच्या गटाने कोल्हापुरात कुठलं काम धरावं?

शिरोलीकर

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीतून आणि तिच्याच मशिनशॉपमधून गेल्या काही वर्षांत रिटायर झालेले आम्ही तीसेक जण आहोत. मोल्डर, फिटर, टर्नर, मेंटेनन्सचे दोघे इलेक्ट्रिशियन, स्टोअरवाले, क्वालिटीवाले आणि अकाउंट्सचे एक साहेब. सकाळी रंकाळ्याला फेरी होते, चहा होतो, पेपर होतो. अकरानंतर मात्र आपण घरात कुणाच्या तरी पायात येतोय असं वाटायला लागतं. बायको ते तोंडावर सांगते, सून सांगत नाही, एवढाच फरक.

काहीतरी समाजासाठी करूया असं सगळेच म्हणतात. घोडं अडलंय ते 'काहीतरी'वर. गटात तीन मतं आहेत.

पहिलं, आपला स्वतःचा ट्रस्ट काढावा. नाव, लेटरहेड, बोर्ड, सगळं रीतसर.

दुसरं, दर महिन्याला वर्गणी काढून एखाद्या आश्रमाला किंवा अन्नछत्राला द्यावी. यात अडचण अशी की आमच्यातल्या बऱ्याच जणांना ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफ खात्याची तुटपुंजी पेन्शन आहे. ती किती असते हे ज्याला मिळते त्यालाच ठाऊक. त्यांच्याकडे दरमहा पाचशे रुपये मागणं मला बरं वाटत नाही. आणि गंमत म्हणजे हाताने सगळ्यात हुशार माणसं तीच आहेत.

तिसरं मत माझं आणि आणखी पाच-सहा जणांचं. पैसे ज्याला जमतील त्याने द्यावेत, पण मुळात काम करावं. मागच्या दिवाळीत आम्ही एका आश्रमाला ब्लँकेटं दिली. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, फोटो झाले. तिथल्या कपाटात आधीचीच ब्लँकेटं पॅकबंद पडलेली दिसली. त्यांना खरं तर नळ दुरुस्त करून हवे होते. तसं ते म्हणाले नाहीत, पण हात धुवायला गेलो तेव्हा तीनपैकी एकच नळ चालू होता. आमच्यासोबत दोन फिटर होते आणि दोघेही हार घालून खुर्चीत बसले होते!

तर विचारायचं असं की अशी हातची कामं कुणाला लागतात? ट्रस्ट काढावा का? आमच्या जुन्या कंपनीकडून सीएसआरमधून (कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चातून) काही मिळू शकतं का? आणि वय साठ-पासष्ट, कुणाचा गुडघा, कुणाची शुगर, हे धरून आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते दोन झेपेल असं काय आहे? ठिकाण केएमटीने (शहर बसने) जाता येण्यासारखं हवं. सगळ्यांकडे गाडी नाही.

---

तांबडा_पांढरा

काका, ट्रस्ट काढलासा की पहिली मीटिंग अध्यक्ष कोण यावर, दुसरी बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर, आणि तिसरी मीटिंग होतच नाही. आमच्या तालमीचा अनुभव हाय.

बाकी उत्तर जाणकार देतील. माझ्याकडून एकच. पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्याला शेणी (गोवऱ्या) लागतात. होळीला गल्लोगल्ली 'होळी लहान करा, शेणी दान करा' चालतं, ते याचसाठी. होळीच्या आधी आठवडाभर फिरून शेणी गोळा करणं, टेम्पोत भरणं, पोचवणं. पेन्शन कमी असलेल्यालाही जमतं. फक्त वर्षातून एकदाच.

---

हिशेबनीस

शिरोलीकर, ट्रस्टचं खूळ निदान दोन-तीन वर्षं तरी बाजूला ठेवा. कारणं सांगतो.

महाराष्ट्रात ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी हिशेब आणि ऑडिट. एक विश्वस्त बदलला तरी नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. तुमच्या वयोगटात विश्वस्त का बदलतात ते मी लिहीत नाही. नोंदणी न करता लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर त्यासाठीही धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तशी. आपापल्या खिशातून थेट एखाद्या नोंदणीकृत संस्थेला दिलंत तर यातलं काहीच लागत नाही.

सीएसआर. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ सगळ्या कंपन्यांना लागू नाही. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक तरी असावं लागतं. मग मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. पण हे पैसे बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचे तर ती नोंदणीकृत हवी, १२ए आणि ८०जी (आयकर खात्याकडची नोंदणी आणि देणगीदाराला करसवलत मिळण्याची मान्यता) हवं, सीएसआर-१ फॉर्म भरलेला हवा आणि तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव हवा. म्हणजे तुमच्या नव्या ट्रस्टला कंपनी मनात असूनही देऊ शकणार नाही. चांगल्या जुन्या संस्थेबरोबर काम केलंत आणि तुम्हीच एचआरकडे जाऊन 'आम्ही तिथे दर बुधवारी असतो, हे मशीन तिथे लागतंय' असं सांगितलंत, तर गोष्ट वेगळी. आतल्या माणसाचा शब्द असतो तो. फक्त कंपनीच्या कामगारांच्याच भल्यासाठी काही मागाल तर ते सीएसआरमध्ये बसत नाही, हेही लक्षात ठेवा.

करसवलत. ८०जी जुन्या करप्रणालीतच मिळते. बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम वजा होते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. रोख २,००० रुपयांच्या वर दिलेत तर सवलत नाही. नुसती पावती पुरत नाही, संस्थेने आयकर खात्याच्या साइटवरून काढलेलं देणगी प्रमाणपत्र लागतं. पण खरं सांगू? ईपीएसवाल्यांना कर लागतच नसणार. सवलतीसाठी संस्था निवडू नका.

---

करवीरकन्या

मी काही वर्षं मुलांच्या संस्थेत काम केलंय, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. काका, रागावू नका.

संस्थांना पाहुणे भरपूर मिळतात. नातवाचा वाढदिवस, आईचं वर्षश्राद्ध, सगळे केक आणि जिलेबी घेऊन येतात. एकाच रविवारी तीन वेळा जिलेबी खाल्लेली मुलं मी पाहिली आहेत. न सांगता दर बुधवारी येणारा माणूस मात्र मिळत नाही. तुमच्याकडे तोच माल आहे, तो द्या.

कोल्हापुरात चौकशी करण्यासारख्या जागा: निराधार मुलांसाठी बालकल्याण संकुल. वीटभट्टीवरच्या आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी अवनि. अपंगांसाठी उचगावची हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड, १९८४ पासूनची. बायकांच्या उद्योगासाठी स्वयंसिद्धा, तीही १९९२ पासून आहे. तिथे तुमच्या अकाउंट्सच्या साहेबांचा उपयोग होईल. 'आम्ही काय देऊ' असं विचारू नका. 'तुमच्याकडे बंद काय पडलंय' असं विचारा, मग खरी यादी निघेल.

मुलांच्या संस्थेत जाणार असाल तर ओळखपत्र, कधी पोलिस पडताळणी मागतील. ते अपमान म्हणून घेऊ नका. आणि फोटो अजिबात नाहीत. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ने बंदी आहे. व्हॉट्सअॅप स्टेटससुद्धा त्यात आलं. बायकांनाही सोबत आणा, निम्मी कामं त्यांनाच आधी दिसतील.

---

चाकावरून

हा धागा वाचून लॉगिन केलं, एरवी नुसता वाचतो.

मी व्हीलचेअर वापरतो. नवी व्हीलचेअर दान करायला लोक हौसेने पुढे येतात, जुनी दुरुस्त करून द्यायला कुणी नाही. खरं दुखणं बारीक असतं. पुढच्या छोट्या चाकाचं बेअरिंग जाम होतं. त्यात केस, दोरा, धूळ अडकते आणि खुर्ची एका बाजूला ओढायला लागते. ब्रेकचा नट सैल होतो, मग पलंगावरून खुर्चीत येताना खुर्चीच मागे सरकते. पडतो माणूस. फूटरेस्टचा पाइप तडकतो, त्याला चार मिनिटांचं वेल्डिंग. सायकलवाला टायर-ट्यूब बदलून देतो, पण बेअरिंगला हात लावत नाही आणि वेल्डिंगवाला 'एवढ्याशा कामाला' म्हणून उद्या या म्हणतो. मला उद्या यायचं म्हणजे रिक्षा आणि सोबत एक माणूस.

तुमच्यातला एक फिटर, एक वेल्डर आणि एक पत्र्याची पेटी. महिन्यातून दोनदा एका ठरलेल्या जागी बसा. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्यांचे रबरी बूट, घरी आणलेल्या हॉस्पिटल बेडचा दांडा. रबरी बूट झिजला की कुबडी ओल्या फरशीवर घसरते. वस्तू किरकोळ, पण बदलायची कुणाला आठवण राहत नाही. गर्दी होईल, लिहून ठेवा.

जागा मात्र तळमजल्यावर घ्या! मागे एका ठिकाणी अपंगांचं शिबिर पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती.

---

कुरुंदवाडचा

शिरोळ तालुक्यातून लिहितोय, म्हणजे पुराबद्दल बोलायचा हक्क आहे. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे आमच्याकडे पोरांनाही पाठ.

२०१९ला आणि २०२१ला मदत आली ती कपडे आणि बिस्किटांची. कपड्यांचा ढीग नंतर आम्हालाच उचलावा लागला. पाणी उतरल्यावर जे लागतं ते वेगळं. शिवणयंत्र चिखलाने भरलेलं, पाण्याची मोटर बुडालेली, घरगुती गिरणी बंद, बोर्डात पाणी गेलेलं. वायरिंग न तपासता मेन स्विच टाकला तर जीव जातो. तुमच्या दोघा इलेक्ट्रिशियननी एक गल्ली तपासून दिली तरी पुरे. एका बाईचं शिवणयंत्र चालू झालं की तिचं घर चालू होतं. पुराच्या पाण्यात उतरायला व्हाईट आर्मीसारखी तयारीची पोरं आहेत, तिथे तुम्ही जाऊ नका. पाणी उतरल्यावर या. जूनमध्येच नावं आणि हत्यारांची यादी करून ठेवा.

---

बोर्डिंगवाला

शाहू महाराजांनी १९०१पासून बोर्डिंगं काढली आणि माझ्यासारखी खेड्यातली पोरं त्यातच शिकली. तुमच्या गटाला एक सुचवतो. बोर्डिंगात आयटीआयची आणि डिप्लोमाची पोरं असतात. पुस्तकात मायक्रोमीटर वाचलेला असतो, हातात धरलेला नसतो. मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत त्यावरच अडकलो होतो. संध्याकाळी एक तास ड्रॉइंग वाचायला, व्हर्निअर धरायला शिकवा. क्वालिटीवाल्यांचं काम.

---

पेन्शनरबाई

माझे मिस्टर ईपीएसवाले होते, आता मी विधवा पेन्शन घेते. जीवन प्रमाण (हयातीचा ऑनलाइन दाखला) वेळेत गेलं नाही की पेन्शन थांबते. ईपीएसमध्ये दाखला ज्या दिवशी दिला तिथून एक वर्ष चालतो, नोव्हेंबरचीच वाट पाहायची गरज नाही. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो. पण माझ्यासारख्या बायकांना ते अॅप जमत नाही आणि बोटांचे ठसे उमटत नाहीत. दोन माणसं फोन घेऊन गल्लीत बसली तर आमची रिक्षा वाचेल. ओटीपी मात्र ज्याचा त्यानेच टाकावा, हे सगळ्यांना बजावून सांगा.

---

शुश्रूषा

रक्तदानाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. ६५ पर्यंत देता येतं, पण आयुष्यात कधीच दिलं नसेल तर साठीनंतर पहिल्यांदा घेत नाहीत. शुगरची इन्सुलिन चालू असलेल्यांनी जाऊच नये. नेत्रदान वयामुळे अडत नाही, चष्मा असला तरी चालतं. फक्त मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून फॉर्मपेक्षा घरच्यांना सांगून ठेवणं महत्त्वाचं.

---

शिरोलीकर

सगळ्यांचे आभार. आज रंकाळ्यावर प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. हिशेबनीसांचा चेंज रिपोर्ट ऐकल्यावर ट्रस्टवाले गप्प झाले. एकाने 'मग निदान गटाला नाव तरी ठेवूया' म्हटलं, त्यावर अर्धा तास गेला. तांबडा_पांढरा, तुमचं खरं आहे.

चाकावरून यांचं म्हणणं सगळ्यांना एकदम पटलं, कारण बेअरिंग काढणं-घालणं हे आम्ही झोपेतही करू. उचगावला सोमवारी फोन करणार आहे, करवीरकन्या ताईंनी सांगितलेलाच प्रश्न विचारणार. जीवन प्रमाणचं काम अकाउंट्सच्या साहेबांनी आणि दोघांच्या घरच्या मंडळींनी घेतलं. पैशाचं असं ठरलं की वर्गणी नाही. ज्याला द्यायचे त्याने बेअरिंग, रबरी बूट, वेल्डिंग रॉड थेट दुकानातून आणून पेटीत टाकायचे. कुणी किती आणले ते लिहायचं नाही. पुराची यादी मे महिन्यात करू.

आता दोन गोष्टी हव्यात. राजारामपुरी ते उचगाव या पट्ट्यात तळमजल्यावर, रस्त्याला लागून, विजेचा पॉइंट असलेली जागा महिन्यातून दोन बुधवार कुणी देईल का? भाडं नको असेल तर उत्तम, वीजबिल आम्ही भरू. आणि कुणाकडे जुनी बेंच व्हाइस (टेबलावरचा पकडशेगडा) पडून असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा. चार इंची चालेल, जबडा झिजलेला असला तरी आमचे टर्नर बघून घेतील.