प्रवासात पाहिलेला मायनर लीगचा सामना : तुमचे अनुभव लिहा

मुलीकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीला होतो तेव्हा जावई डरहॅम बुल्सच्या सामन्याला घेऊन गेले. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही. बुल्स हा टँपा बे रेजचा ट्रिपल-ए संघ, म्हणजे मेजर लीगच्या (तिथल्या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेच्या) लगेच खालची पायरी. आज इथे खेळणारा पोरगा बोलावणं आलं की उद्या टँपाकडून खेळणार.

डावीकडे ३२ फुटी निळी भिंत, तिच्यावर भलामोठा बैल. यजमानांनी होमरन मारला (चेंडू थेट कुंपणापार, आपल्या षटकारासारखा) की बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलते, नाकातून धूर निघतो. पाटीवर लिहिलंय, बैलाला चेंडू लागला तर स्टेक, त्याच्या पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड. आमच्या हिला पोळ्याचा बैल आठवला आणि मग स्टेक वाचून तिचा चेहरा पडला.

तुम्ही कुठे पाहिलात? लिहा.

दादरकर : माझी फजिती ऐका. फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, उडून थेट माझ्या हातात. तळवा लाल, पण सुटला नाही! चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पांढरा, लाल टाक्यांचा. शिवाजी पार्कच्या सवयीने उठून मैदानात परत फेकला. आख्खा स्टँड "ओऽऽ" करून विव्हळला. तिथे हाती आलेला चेंडू आपलाच असतो म्हणे. शेजारचा सातेक वर्षांचा मुलगा ग्लोव्ह घालून सहा इनिंग वाट बघत बसला होता. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून विसरलो नाही.

मीनाक्षी_प : मेनमधलं पोर्टलंड, सी डॉग्ज. बॉस्टन रेड सॉक्सचा डबल-ए (ट्रिपल-एच्या एक पायरी खालचा) संघ, म्हणून डावीकडची भिंत रेड सॉक्सच्या फेनवे मैदानातल्या हिरव्या भिंतीची नक्कल. एप्रिल महिना, दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते, आणि तशात दोन बिस्किटांमधलं आइस्क्रीम खाल्लं. होमरन झाला की मैदानामागून दीपगृह वर येतं, ते मात्र झकास.

भटक्या : आमचा पावसाने घात केला. तिसऱ्या इनिंगला ताडपत्री अंथरली ती निघालीच नाही. तिकीट दुसऱ्या दिवशीच्या सामन्याला चालेल म्हणाले. पहाटे सहाचं विमान असणाऱ्याने त्याचं काय करायचं? शाकाहाऱ्यांनो, शेंगा घ्या. टरफलं पायाखाली टाकली तरी कुणी डोळे वटारत नाही.

जुना_खेळिया : २०१२, वेस्ट व्हर्जिनियातलं चार्ल्सटन. उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा रिंकू सिंग तिथे पिचर (चेंडू फेकणारा) होता. भालाफेक करणारा पोरगा टीव्हीवरच्या स्पर्धेतून पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबकडे गेला, आणि चार्ल्सटनचा संघ त्यांचाच. खास त्याच्यासाठी वाट वाकडी केली. त्या दिवशी त्याला उतरवलंच नाही. कुंपणाला टेकून आम्ही तिघं "रिंकू भैया!" म्हणून ओरडत होतो, पोलिसवाला हसत होता. पुढे तो कुस्तीत वीर महान झाला, पण आमच्यासाठी तो अजून बुलपेनमध्येच (पिचर आपली पाळी यायची वाट बघतात तिथे) बसलाय.

दादरकर : निदान तुम्ही चेंडू तरी परत फेकला नाहीत.