परसातल्या तळ्याचा धबधबा घुशीने आतून पोखरलाय, दुरुस्ती कशी करू?

आगरवाली:
नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. घरामागे आगरात, विहिरीच्या वरच्या अंगाला आम्ही एक छोटं तळं केलंय. साधारण १० बाय ७ फूट, मधे अडीच फूट खोल. खड्ड्यातून निघालेली माती एका बाजूला रचली आणि तिच्यावर जांभ्याच्या डबरांचा तीन पायऱ्यांचा धबधबा उभा केला. खाली शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा (अर्धा मिलिमीटर जाड) काळा प्लास्टिकचा कागद. पाण्यात बुडवायचा लहान पंप आहे, तो पाणी वर चढवतो. तळ्यात गप्पी मासे, कुमुदिनी, कडेला वेखंड आणि अळू.

दिवाळीनंतर पाणी उतरायला लागलं. रात्रभर पंप चालला की सकाळी चार बोटं खाली. मधल्या पायरीचा मोठा दगड पुढे कललाय. मागच्या बाजूला नारळाची करवंटी सहज आत जाईल एवढं बीळ आहे आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. घूसच ती. शिवाय वरचे लहान दगड रोज कोणीतरी उलटे करून ठेवतं. दुपारी माकडं येतात, पाणी पितात आणि जाताना कुमुदिनीची फुलं ओरबाडतात, पण हे दगडांचं काम रात्रीचं आहे.

गवंडी म्हणतो, सगळे सांधे सिमेंटने भरून टाकू. मला ते पटत नाही, आणि तळं बुजवायचं तर अजिबात नाही. एप्रिल-मेमध्ये वाडीतला वहाळ आटतो. तेव्हा दयाळ, बुलबुल, एखाद्या दिवशी स्वर्गीय नर्तकसुद्धा या धबधब्याच्या शिंतोड्यांत आंघोळीला येतो. उन्हाळा लागायच्या आत हे नीट व्हायला हवं. कोणी असं काम केलंय का?

कातळसडा:
ताई, दगडाला हात लावण्याआधी गळती कुठे आहे ते नक्की करा. तळं काठोकाठ भरा. काठावर एक बादली पाण्याने भरून ठेवा आणि दोन्हीकडे पातळीची खूण करा. एक रात्र पंप बंद. बादली आणि तळं सारखंच उतरलं तर ते नुसतं आटणं आहे, तळं शाबूत आहे. दुसऱ्या रात्री पंप चालू ठेवा. त्या रात्रीच तळं जास्त उतरलं तर दोष धबधब्यात किंवा वर जाणाऱ्या पाइपात. पंप बंद असतानाही तळं बादलीच्या पुढे उतरत राहिलं, तर जिथे येऊन पाणी थांबेल त्या रेषेवर चारी बाजूंनी शोधा.

जागेचा संशय आला की सुई काढलेल्या सिरिंजमध्ये थोडं दूध घ्या आणि स्थिर पाण्यात कागदाजवळ हलकेच सोडा. भोक असेल तर पांढरी रेघ त्याच्याकडे ओढली जाते. दूध चमचाभरच वापरा, जास्त झालं तर पाणी नासतं. आणि चाचणीच्या रात्री पंप तळ उघडा पडेपर्यंत चालू ठेवू नका. कोरडा चालला की जळतो, मासेही जातात.

आगरवाली:
तसंच करून पाहिलं. पंप बंद असताना बादली आणि तळं बरोबरीने, पंप लावला की तळं मागे. मधल्या पायरीच्या मागची माती बाहेरून ओली लागते. म्हणजे धबधबाच. आता पुढे?

चिरेकाम:
मी चिऱ्याची कामं करतो, बागांमधली तळी आणि धबधबेही बांधतो, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, तुमची शंका बरोबर आहे. वरून सांधे भरून काही साधणार नाही, कारण पोकळी खाली आहे. घुशीला खणायला सैल, भर घातलेली माती आवडते आणि तुमचा अख्खा धबधबा अशाच मातीवर उभा आहे. आतला बोगदा खचतो, वरचा दगड कलतो, दगडाबरोबर कागदाची कड खाली बसते आणि पाणी त्या कडेवरून मागच्या मागे मातीत जातं. बऱ्याच वेळा कागदाला भोक नसतंच, नुसती कड बसलेली असते. सिमेंट मारलं तर पुढचा बोगदा खचेपर्यंत टिकेल, मग तेही तडकेल. त्यामुळे धबधबा उतरवावाच लागेल. त्याला पर्याय नाही.

उतरवण्याआधी वरचा पाइप सोडून पाणी थेट तळ्यात पडू द्या, माशांना हवा मिळत राहते. प्रत्येक दगडावर खडूने आकडा घाला, फोटो काढा आणि वरून खाली या क्रमाने उतरवा. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय या मातीत उतरू नका. घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो आणि ओली माती, पायाची चीर एवढं त्याला पुरतं. बिळात हात घालायचा नाही. रिकाम्या बिळात फुरसं किंवा नाग बसलेला असू शकतो. आधी बॅटरी मारा, मग लांब काठी.

घूस आत नाही याची खात्री करून बोगदा शेवटपर्यंत उघडा. सैल माती काढून टाका आणि मुरूम भरा. अर्ध्या वितीचा थर, त्यावर थोडं पाणी, मग धुम्मसाने ठोकून घट्ट करा. पुन्हा थर. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा धबधबा यावर उभा राहणार आहे, इथे घाई करू नका.

त्यावर जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी आणू नका, घूस ती वाकवून वाट काढते. अर्धा इंच भोकांची वेल्डमेश (तारा सांध्यांवर जोडलेली चौकोनी जाळी) घ्या, जाड तारेची. आपल्याकडच्या दमट मातीत साधी जस्ताची जाळी पुढेमागे गंजते. परवडत असेल तर ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, कारण पुन्हा उकरून बदलायची वेळ येऊ नये. ढिगाऱ्याच्या पाठीमागून ती जमिनीत दोन फूट खाली न्या आणि तिथून बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी वळवा. घूस कडेशी येऊन सरळ खाली खणते आणि त्या आडव्या पट्ट्यावर अडते. तारांची टोकं खाली दाबा. वर दोन इंच चाळलेली वाळू, मग जिओटेक्स्टाइल (जाड, न कुजणारं कापड) आणि त्यावर कागद. जाळीला कागद थेट टेकला तर जाळीच त्याला भोक पाडेल.

आता कागद. शेततळ्याचा कागद म्हणजे एचडीपीई, एक प्रकारचं प्लास्टिक, आणि त्याला कुठलाही गोंद धरत नाही. सिलिकॉन, पंक्चरचं सोल्युशन, गटार दुरुस्तीची पट्टी, सगळं थोड्या दिवसांत सालीसारखं निघतं. तो गरम हवेने वितळवूनच जोडावा लागतो. शेततळ्यांना अस्तर घालणाऱ्यांकडे ते यंत्र असतं. त्यांना ठिगळ मारून मागा, भोकाच्या चारी बाजूंना वीतभर मोठं, कोपरे गोल. तुमचा कागद मात्र बहुतेक जागोजागी चिमटला असेल, म्हणून मी तर म्हणेन धबधब्यापुरता एकसंध नवा कागद घाला. त्याचं खालचं टोक तळ्याच्या कागदावर हातभर चढवा, कौलावर कौल चढवतो तसं. मग तो सांधा चिकटवायचीही गरज उरत नाही, फक्त तो तळ्याच्या पातळीच्या वर असू द्या. दोन्ही बाजूंच्या कडा वाहत्या पाण्यापेक्षा वीतभर उंच उभ्या करून दगडांआड लपवा. ज्यांच्याकडे ईपीडीएम रबराचा कागद आहे त्यांनी त्याचंच प्रायमर आणि पट्टी वापरावी, तो मस्त जुळतो.

दगड रचताना प्रत्येक मोठा दगड किंचित मागे कलता बसवा. वरच्या थराला एका माणसाला न उचलणारे दगड घ्या, बारीक दगड तेवढे सिमेंटमध्ये पक्के करा. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मारतो, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी मारत राहा, मग धबधबा धुऊन ते पाणी बाहेर सोडा आणि त्यानंतरच तळ्याला जोडा.

मुलुंडवाला:
एवढा खटाटोप कशाला? दरवाजांच्या चौकटीला मारतात तो फोम बिळात मारा आणि घुशीच्या औषधाच्या वड्या ठेवा. आमच्या कर्जतच्या घराला तेच केलं.

चिरेकाम:
दादा, तो फोम घूस कुरतडते आणि उघड्यावर उन्हाने तो पिवळा पडून भुगा होतो. धबधब्यात दगडांमधून पाणी मागे जाऊ नये म्हणून भरायला चालतो, पण तोही दगडाआड झाकून. बिळाला नाही.

रानवाट:
औषधाबद्दल कळकळीने सांगते, कृपा करून नको. ब्रोमाडिओलोनसारखं उंदीर-घुशींचं विष खाल्लेली घूस लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन फिरते. तेव्हाच गव्हाणी घुबड, मुंगूस, घरातलं मांजर तिला उचलतं आणि विष त्यांच्या पोटात जातं. आगरातल्या घुशी कमी ठेवणारे हेच प्राणी, आणि धामण. त्यांना मारून घूस वाढवायची का? शिवाय मेलेली घूस ढिगाऱ्यात कुजली तर त्याचं पाणी तुमच्याच तळ्यात. पिंजरा लावा, आत भाजलेलं सुकं खोबरं. खाली पडलेले फणस-आंबे रोज उचला, कोंबड्यांचं खाद्य रात्री उघडं ठेवू नका.

दगड कोण उलटतं ते कळायला धबधब्याभोवती संध्याकाळी चाळलेली राख पसरा. पाच बोटांचे मांजरासारखे ठसे दिसले तर उदमांजर, दोन खूर आणि मागे दोन छोट्या खुणा असल्या तर रानडुक्कर, काटा पडलेला असला तर साळिंदर. उदमांजर असेल तर ते दगडाखालच्या गोगलगाई आणि कुर्ल्या शोधतंय. यांना पकडायचं नाही, मारायचं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि तो लागू होतो. त्यांना पाण्याची दुसरी सोय करा. धबधब्यापासून लांब, आगराच्या कडेला जमिनीच्या पातळीत उथळ दगडी डोण ठेवा, आत एक खडबडीत दगड, पडलेल्या पिल्लाला वर येता यावं म्हणून. पाण्यासाठी आलेलं जनावर मग धबधब्यावर चढत नाही. उन्हाळ्यात ती डोण रोज भरा, हे मनापासून सांगते.

आगरवाली:
खूप आभार. राख पसरली होती, पाच बोटं दिसली. उदमांजरच. डोण आमच्या जुन्या गोठ्यात पडून आहे, तीच ठेवते. शेततळ्यांचं काम करणाऱ्या देवरुखच्या एका माणसाशी बोलले, नवा कागदच घालायचं ठरवलंय. एकच राहिलं, पंपाची वायर त्या ढिगाऱ्यातूनच जाते. तिला काही करायचं का?

चिरेकाम:
बरं झालं विचारलंत. ती वायर काढा. कुरतडलेली वायर आणि पाणी म्हणजे जीवावरचं. नवी वायर मधे सांधा न ठेवता जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपातून, ढिगाऱ्याला वळसा घालून न्या. पाइपाची दोन्ही तोंडं बंद करा. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. पाण्यात हात घालण्याआधी मेन बंद, रोजच्या साफसफाईलासुद्धा. पंप सुरू केलात की पहिले काही दिवस बादलीची चाचणी पुन्हा करा आणि इथे कळवा. पातळी टिकली तर मागच्या बाजूला माती ओढून वेखंड लावायला हरकत नाही.