काइंड ऑफ ब्लूची महागडी एसएसीडी घ्यावी का? सोनीची १९९७ ची सीडी आहे आधीच

नाशिकचा_श्रोता
मंडळी सल्ला हवाय आणि जरा घाईने हवाय, कारण विकणारा रविवारपर्यंतच थांबेन म्हणतोय. जॅझ ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसचा अल्बम काइंड ऑफ ब्लू म्हणजे माझा जीव की प्राण. घरात दोन प्रती आहेत, एक मामांकडून आलेली जुनी सीबीएसची एलपी आणि एक सोनीची १९९७ ची सीडी. आता मुंबईतल्या एका विक्रेत्याकडे मोबाइल फिडेलिटी कंपनीची एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आलीये, सीलबंद, आणि आउट ऑफ प्रिंट आहे म्हणून तो नऊ हजार मागतोय. दुसरा पर्याय असा की चुलतभाऊ दिवाळीला न्यू जर्सीहून येतोय, तो अॅनालॉग प्रॉडक्शन्स कंपनीची यूएचक्यूआर (त्यांची उंची मालिका) एलपी आणू शकतो, तीच ती २०० ग्रॅमची, मोठ्या खोक्यातली. तीही स्वस्त नाहीच.

सिस्टीम म्हणाल तर एसएसीडी वाजवणारा ब्लू-रे प्लेअर, तिथून कोअॅक्सिअल केबलने डॅक (डिजिटलचं अॅनालॉग करणारा डबा), मग जुना स्टीरिओ अॅम्प आणि बुकशेल्फ स्पीकर. टर्नटेबल साधंच पण बरं आहे, कार्ट्रिज गेल्या वर्षीच बदललंय. प्रश्न एवढाच की १९९७ ची सीडी असताना ह्या दोन्हीत इतके पैसे घालण्याजोगं काही खरंच ऐकू येतं का, की आपण नुसतं खोकं विकत घेतो? ज्यांनी शेजारी शेजारी लावून ऐकलंय त्यांनी सांगा प्लीज.

पेटीवाला_डोंबिवली
आधी मामांची एलपी काढा आणि एक गोष्ट करून बघा, मग बाकीचं बोलू.

हा अल्बम २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कला कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला. मार्चच्या दिवशी मास्टर टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप नीट वेगाच्या मशीनवर लावली की सूर चढे येतात. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी, म्हणजे सो व्हॉट, फ्रेडी फ्रीलोडर आणि ब्लू इन ग्रीन, त्या दिवशीची आहेत. तीस वर्षांहून जास्त काळ अख्ख्या जगाने ही बाजू चढी ऐकली. शेजारी दुसरं मशीन बॅकअप टेप घेत होतं ते मात्र बरोबर वेगाने चालू होतं, म्हणून १९९२ साली ती बॅकअपची टेप काढून हे दुरुस्त करता आलं. तुमची १९९७ ची सीडी दुरुस्तीनंतरची आहे.

आता तपासायचं कसं, तर पेटी किंवा मोबाइलवरचा तानपुरा घ्या. पेटी ४४० ला (ए म्हणजे ४४० हर्ट्झ, हा नेहमीचा पाश्चात्य सूर) लावलेली असली पाहिजे, आपल्याकडच्या बऱ्याच नसतात, म्हणून ट्यूनर अॅपने आधी ती बघून घ्या. सो व्हॉट पांढरी दोनच्या पट्टीत (पाश्चात्य डी) आहे आणि स्वर थेट आपल्या काफीचे, मधल्या भागात तोच साचा उचलून काळी दोनवर नेलाय. फ्रेडी फ्रीलोडर काळी पाच. दुसऱ्या बाजूचं ऑल ब्लूज पांढरी पाच. एलपीची दुसरी बाजू पेटीशी जुळली आणि पहिली चढी लागली तर दोष त्या १९५९ च्या मशीनचा. दोन्ही बाजू सारख्याच चढ्या असतील तर तुमचं टर्नटेबल जोरात फिरतंय, बेल्ट आणि स्पीड बघा. अर्धा स्वर वगैरे फरक नाहीये हा, पण तंबोरा लावायची सवय असलेल्या कानाला लगेच बोचतो.

मला विचाराल तर ह्या अल्बमच्या बाबतीत सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि ती तुमच्याकडे आधीच आहे. माईल्सचा सूर जिथे त्याने लावला होता तिथे तो ऐकायला मिळणं ह्यापुढे डिस्क कशाची बनवलीये हा प्रश्न माझ्या लेखी फार मागे राहतो. नऊ हजारात तुम्ही दुसरे चार अल्बम घ्याल राव.

कोथरूड_हायफाय
पेटीवाले काका, टेस्ट भारी आहे, आज रात्री करतोच.

@नाशिकचा_श्रोता तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य वाचून थांबलो. प्लेअर ते डॅक कोअॅक्सिअल केबल. तशी जोडणी असेल तर एसएसीडी घेऊ नका, कारण तुम्हाला एसएसीडी ऐकूच येणार नाही. एसएसीडीचा डीएसडी लेयर (डीएसडी म्हणजे तिचा खास डिजिटल फॉरमॅट) कॉपी प्रोटेक्शनमुळे कोअॅक्सिअल किंवा ऑप्टिकलमधून बाहेर येत नाही. तो ऐकायचा तर प्लेअरचे स्वतःचे अॅनालॉग आउटपुट हवेत, नाहीतर एचडीएमआयने डीएसडी घेणारा रिसीव्हर हवा. हायब्रिड डिस्कमध्ये दोन लेयर असतात, एक साध्या सीडीचा १६ बिट ४४.१ वाला आणि दुसरा डीएसडीचा, आणि बऱ्याच प्लेअरमध्ये सेटिंगमध्ये जाऊन एसएसीडी लेयर निवडावा लागतो नाहीतर प्लेअर मुकाट्याने सीडीचा लेयर वाजवत बसतो. कित्येक लोक वर्षानुवर्षं सीडी लेयर ऐकून एसएसीडीचं कौतुक करत असतात. तसं त्यांना चांगलं वाटतं त्यात खोटं काही नाही, कारण त्या सीडी लेयरचं मास्टरिंगही (टेपवरून प्रत काढताना केलेली आवाजाची शेवटची जुळवणी) बहुतेक वेळा वेगळं आणि चांगलं असतं, पण मग पैसे मास्टरिंगचे वसूल झाले, फॉरमॅटचे नाहीत.

हाच मुद्दा एसएचएम-सीडी आणि ब्लू-स्पेकचा. २००८ पासून जपानमधून येतायत, प्लॅस्टिक वेगळं, किंमत जास्त, आत डेटा मात्र त्याच साध्या सीडीचा. बिट तेच असतील तर गाणंही तेच. जपानी प्रतीत फरक ऐकू आला तर तो कुठली टेप घेतली आणि कोणी किती दाबून, म्हणजे मोठ्या-हळू आवाजातला फरक कमी करून, मास्टर केलं त्याचा असतो. म्हणून मी घेताना डिस्कचा प्रकार शेवटी बघतो, आधी बघतो टेप कुठली, मास्टरिंग कोणाचं आणि साल कुठलं.

आणि एक, डीआरचे (डायनॅमिक रेंज, हाच फरक मोजणारे) आकडे बघून एलपी आणि सीडीची तुलना करू नका. एलपीवरून रिप केलेल्या फाइलचा आकडा मोजणीच्या पद्धतीमुळेच मोठा येतो, अगदी त्याच दाबलेल्या मास्टरवरून एलपी कापली असली तरी.

नाशिकचा_श्रोता
कोअॅक्सिअलचं माहीतच नव्हतं, मनापासून आभार! प्लेअरला अॅनालॉग आउट नाहीये, फक्त एचडीएमआय आणि कोअॅक्सिअल. म्हणजे एसएसीडी घ्यायची तर रिसीव्हरही आलाच, ते बजेटमध्ये बसत नाही. मग एलपीचं काय? मोबाइल फिडेलिटीचं ते डिजिटल प्रकरण झालं होतं ना, तसं अॅनालॉग प्रॉडक्शन्सचंही काही आहे का?

विनाइल_बंगळूर
नमस्कार, मी मूळची सांगलीची, बंगळूरला असते, एलपीच जास्त ऐकते म्हणून लिहिते.

मोबाइल फिडेलिटीचं थोडक्यात सांगते. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्सच्या एका रेकॉर्ड दुकानदाराने व्हिडिओत म्हटलं की ह्यांच्या एलपी थेट अॅनालॉग टेपवरून कापलेल्या नाहीत, मध्ये डीएसडीची पायरी आहे. मग तो कॅलिफोर्नियात त्यांच्या इंजिनिअर्सकडे गेला आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर ते कबूल केलं. त्यावेळी मायकेल जॅक्सनच्या थ्रिलरच्या वन-स्टेप (त्यांची महागडी मालिका) एलपीच्या ४०,००० प्रती काढायचं जाहीर झालेलं होतं, आणि इतक्या प्रती थेट टेपवरून निघतीलच कशा हीच शंका लोकांना आली होती. पुढे कोर्टात दावेही लागले. राग डिजिटलचा नव्हता हो, लपवल्याचा होता. ज्या एलपींची लोक वर्षानुवर्षं तारीफ करत होते त्यातल्या कित्येक ह्याच पद्धतीच्या निघाल्या, म्हणजे आवाज चांगलाच होता. आणि एसएसीडीला तर हा वाद लागूच होत नाही, ती डीएसडीच असते.

अॅनालॉग प्रॉडक्शन्स कॅन्ससमधल्या सलायना गावची, प्रेसिंग त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात. त्यांची काइंड ऑफ ब्लू मी मैत्रिणीकडे ऐकलीये, आणि पेटीवाले काकांशी इथे माझं पटत नाही. वेग दुरुस्त झाला म्हणजे सगळं झालं असं नाही. सो व्हॉटमध्ये सुरुवातीचं बेस आणि पियानोचं संपलं की माईल्सचा सोलो सुरू होतो, त्याच क्षणी ड्रमवाला जिमी कॉब झांजेवर एक मोठा घाव घालतो. तो स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चर्च होतं, छत उंच, आणि त्या झांजेची झणझण ट्रम्पेटच्या मागे हळूहळू विरत जाते. माझ्या १९९७ च्या सीडीवर घाव नीट येतो पण शेपूट जरा कोरडं वाटतं, त्या एलपीवर ते शेवटपर्यंत ऐकू आलं. पॉल चेंबर्सच्या बेसलाही लाकूड जास्त आहे. मी तेवढा तुकडा परत परत लावून ऐकला, मैत्रीण वैतागली. ज्याचा हा जीव की प्राण आहे त्याने एवढ्यासाठी खर्च केला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त बाजू बदलायला उठायची तयारी हवी, आणि नाशिकला पावसाळ्यात रेकॉर्डला बुरशी धरते का ते तुम्हाला माहीत, आमच्या सांगलीच्या घरी धरायची.

पेटीवाला_डोंबिवली
ताई, झांजेचं मान्य. ते शेपूट मी नीट ऐकलं नव्हतं, आता सीडीवर लावून बघतो. तरी तुलना करताना दोन्हीचा आवाज सारखा ठेवा बरं का, थोडं मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं हे गवयांनाही होतं.

बडोदेकर
विषयाला धरूनच पण थोडं बाजूचं. सगळेच रिइश्यू (पुन्हा काढलेल्या आवृत्त्या) सारखे नसतात, कुठल्या अल्बमला काय घ्यायचं हे अल्बमवर ठरतं. डायर स्ट्रेट्सचा ब्रदर्स इन आर्म्स घ्या, १९८५ चा, मुळात डिजिटल मशीनवरच रेकॉर्ड झालेला. त्याच्या एलपीला अॅनालॉगची जादू म्हणून कोणी विकत असेल तर सरळ पुढे चला, शिवाय तेव्हाच्या एलपीत जागा पुरत नाही म्हणून काही गाणी छोटी केलेली आहेत. त्याची जुनी १९८५ ची सीडी रद्दीच्या भावात मिळते आणि झकास वाजते.

उलट उदाहरण म्हणजे अ मीटिंग बाय द रिव्हर, आपल्या जयपूरच्या पंडित विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा आणि राय कूडरची गिटार, तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी. वॉटर लिली अकूस्टिक्स या रेकॉर्ड कंपनीच्या कवी अलेक्झांडरने कॅलिफोर्नियातल्या एका चॅपेलमध्ये मोजक्या मायक्रोफोनांवर अॅनालॉग टेपला थेट घेतलं, नंतर वरून काही भरलं नाही. १९९३ ला आलं, पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं. ह्याचा रिइश्यू अॅनालॉग प्रॉडक्शन्सने काढलाय आणि इथे महागडी प्रत घेण्यात अर्थ आहे, कारण मुळातच टेपवर इतकं काही आहे. तारेवर सरकणारी सळई, चिकारीची टोचणी, खोलीची हवा, सगळं. चुलतभावाच्या बॅगेत एकाच एलपीची जागा असेल तर मी ही मागवली असती.

नाशिकचा_श्रोता
पेटी नाहीये पण मुलीच्या कीबोर्डवर करून बघितलं. एलपीची पहिली बाजू चढी, दुसरी बरोब्बर, आणि सीडीवर दोन्ही बाजूंची गाणी जुळतायत. मुलगी म्हणाली बाबा हे तर बेसूर आहे! मुंबईवाल्याला नको म्हणून कळवलंय. एलपीसाठी भावाला सांगतो, ताईंनी सांगितलेली झांज त्याच सीडीवर रोज ऐकतोय आणि आता मलाही ते शेपूट तुटल्यासारखं वाटायला लागलंय. मोहनवीणेचीही चौकशी करायला सांगतो, बॅगेत दोन बसतात का बघू.

विनाइल_बंगळूर
दोन्ही आणणार असतील तर खोकी केबिन बॅगेत आडवी न ठेवता उभी ठेवायला सांगा, आणि चेक-इनमध्ये अजिबात नको. आल्या आल्या दोन्ही बाजू पूर्ण वाजवून घ्या, महागड्या प्रेसिंगलाही कधी कधी एखादा टक्टक् आवाज किंवा भोक मध्यावर नसणं असले दोष असतात आणि बदलून घ्यायची मुदत फार नसते.