सोलापुरी चादर ओरिजिनल कशी ओळखायची?

प्रश्न: बहिणीच्या लग्नात आहेराला चादरी द्यायच्यात, मार्केटात सगळेच सोलापुरी म्हणून विकतात, खरी कुठली कळेना. कोणी सांगेल का?

पूर्वभागकर: उलटून बघा की राव. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली असली की दोन्ही बाजूंनी तीच नक्षी दिसते, फक्त रंग उलटे, एकीकडं लाल फूल तर मागं लालात पांढरं. छापील असली तर मागची बाजू फिकी. जीआय टॅग, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख, पण आहे आपल्या चादरीला, दुकानदाराला विचारा.

सुमनताई: एक दोरा काढून जाळून बघा हो, सुताचा कागदासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून गोळी होते. दुकानात नका करू म्हणजे झालं 😄

पूर्वभागकर: ताई बरोबर. आणि पहिली धुणी गार पाण्यात, वेगळी.

प्रश्नकर्ता: टॉवेल पण घ्यायचेत, त्याचं?

सुमनताई: टॉवेलवरचे दोऱ्याचे फासे दाट बघा, सॉफ्टनर टाकू नका, पाणी टिपत नाही मग.